काठावरच्या पोरी

मोबाईलवर ‘काठावरच्या पोरी’ असं टाकून शोधलं तर आता भलतंच काहीतरी येतं. कुठल्या धरणाच्या काठावर उभ्या पोरी, कुणाची सहल, एका वसतिगृहाचं गॅदरिंग. महाड-पोलादपूरच्या तीन मुलींनी त्या नावाने पाच गाण्यांचे व्हिडिओ केले होते, ते त्यात नाहीत. नसणारच. ते माझ्याच दुकानात, माझ्याच कॉम्प्युटरवरून पुसले गेले. पुसायला लावणारी संघमित्रा, आणि ते व्हिडिओ ज्यांच्यामुळे झाले त्यातली पहिलीही तीच.

महाडच्या बाजारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्न, हळद, बारसं, शाळेचं स्नेहसंमेलन, जे येईल ते शूट करतो. एका रविवारी सकाळी एक मुलगी आत आली. बुटकी, सावळी, कंबरेखालपर्यंत जाड वेणी, आणि काखेत कामगारांचं पिवळं हेल्मेट. चप्पल बाहेर काढून आली, जसं कुणी देवळात येतं. मी म्हटलं, “अहो, चप्पल राहू द्या.” ती म्हणाली, “असू दे दादा, कॅमेऱ्याची जागा हाय.” मग, “तुम्ही शूटिंग करता ना? लग्नाचं नाय. गान्याचं.”

“कुणाचं गाणं?”

“माझं.”

ती एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होती, कंत्राटावर. कापडे गावच्या बौद्धवाडीतून चालत नाक्यावर यायचं, तिथून पोलादपूर, आणि पोलादपूरहून कंपनीची बस धरून एमआयडीसी. वडील ती लहान असतानाच गेलेले, घरी फक्त आई. नाव संघमित्रा, पण सगळे तिला मित्रा म्हणत. कंपनीत खराब छापलेली लेबलं टाकून द्यायची असत, ती घडी करून ती आयकार्डच्या प्लॅस्टिकमध्ये ठेवायची आणि त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गाणी लिहायची. त्या दिवशी तिने एक लेबल माझ्यासमोर उलटं ठेवलं. बारीक, उभट अक्षर. मी वाचू लागलो तर म्हणाली, “वाचू नका, ऐका.” आणि हेल्मेटवर बोटांनी ताल धरून गायला लागली.

सातची गाडी सुटली गो, वेणी माझी सुटली गो,
डबा राहिला चुलीपाशी, भूक मागं सुटली गो.

आवाज मोठा नव्हता, पण स्वच्छ होता. बाहेर शेजारचा भांडीवाला काम थांबवून उभा राहिला.

गटात तिघी होत्या. मित्रा, तिची चुलत बहीण करुणा, आणि कॉलेजात एका बाकावर बसणारी अश्विनी. अश्विनीच्या वडिलांचं गावात वह्या-पुस्तकांचं दुकान होतं, चांगलं चालणारं. नाव कसं सुचलं विचारल्यावर मित्रा म्हणाली, “तिघी दहावीला काठावर पास. आनि घरं म्हनाल तर एकीचं नदीच्या काठाला, दोघींची ओढ्याच्या. दुसरं काय नाव ठेवनार?”

पहिला व्हिडिओ कंपनीच्या बसमध्येच झाला. सुट्टीच्या दिवशी बस धुवायला नदीवर नेतात, तेव्हा ड्रायव्हरला पटवून तिने दोन तास मिळवले. ड्रायव्हर आधी नको म्हणत होता. मित्रा त्याला म्हणाली, “काका, तुमचा पन सीन हाय. तुम्ही आरशात बघून हसायचं.” तो माणूस घरी जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आला. अजूनही भेटला की सांगतो, मी आरशात बघून कसा हसलो होतो. कुणाला दाखवायला मात्र त्याच्याकडे आता काही नाही.

चित्रीकरणाच्या वेळी तिची एक गोष्ट मला लवकर कळली. ती स्वतःला कधी मध्ये उभी करत नसे. मध्ये करुणा, उजव्या टोकाला अश्विनी, आणि स्वतः डावीकडे, अर्धं पाऊल मागे. मी एकदा म्हटलं, गाणं तुझं, आवाज तुझा, तू मध्ये ये. ती म्हणाली, “दादा, मध्ये करुनाच. ती नाचते तेव्हा बघनाऱ्याला वाटतं आपल्याला पन येईल. मी नाचते तेव्हा वाटतं, ही मोजतेय.” खरं होतं ते. मित्रा नाचताना ओठ हलवून मात्रा मोजायची, आणि करुणाला मोजावं लागत नसे. उंच, हडकुळी, मान जरा वाकडी करून हसणारी ती मुलगी एरवी तोंडातून शब्द काढायची नाही. गाणं लागलं की अंग सैल सोडून अशी वळायची की मी फोकस विसरून बघत राहायचो.

दुसऱ्या गाण्यात मित्राला धूर हवा होता. धुराचं मशीन भाड्याने आणायची कुणाची ऐपत नव्हती. ती म्हणाली, “सवला फुकट धूर हाय की.” सवच्या गरम पाण्याच्या कुंडांवर थंडीत पहाटे वाफ धरते. आम्ही उजाडताना पोचलो तर तिथे आधीच गुडघेदुखीवाल्या म्हाताऱ्या पाण्यात पाय सोडून बसलेल्या. कॅमेरा बघून त्या चिडल्या. एक तर अंगावरच आली, “आमचे पाय टीव्हीवर दावतंय काय गो?” मी सामान भरायला लागलो. मित्रा मात्र चप्पल काढून त्यांच्यात जाऊन बसली, पाय पाण्यात सोडले आणि विचारलं, “आजी, कुठला गुडघा?” अर्ध्या तासाने त्याच आजी तिघींच्या मागे पाण्यात उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. ते शूटिंग संपलं तेव्हा सगळ्यांचे पाय लाल झाले होते.

तिसरं गाणं कापड्याच्या भातशेतात. मित्राचा काका, म्हणजे करुणाचा बाप, म्हणाला की आधी माझं भात कापून द्या, मग नाचा. आम्ही खरोखर कापलं. मीही कापलं, पाठ आठवडाभर दुखत होती. करुणाची आई, सुमनकाकी, बांधावर डोक्याला हात लावून बसली होती, पण हसत होती. मध्येच उठून करुणाच्या केसातलं भाताचं कुसळ काढून गेली, तेही चित्रीकरणात आलं. मी ते काढून टाकणार होतो. मित्रा म्हणाली, “काकीला ठेवा. ती काय रोज येते काय?”

मी एकदा तिला विचारलं, हे सगळं कशासाठी करतेस? मुंबईला जायचंय का, पिक्चरमध्ये? ती जेवत होती, डबा मांडीवर. म्हणाली, “नाय ओ. आपल्याला कोन विचारतंय? कोनच नाय. मग आपन काहीबी करू शकतो.” हे ती वरचेवर म्हणायची, आनंदाने. कुणी विचारत नाही याचा इतका आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

चौथ्या गाण्यानंतर लोक विचारू लागले. तिथूनच सगळं फिरलं.

ते गाणं म्हणजे ‘हेल्मेटवाली’. तिघी पिवळी हेल्मेटं घालून, कंपनीचे निळे कोट कंबरेला बांधून, एमआयडीसीच्या रस्त्यावर नाचल्या होत्या. मुंबईहून आलेला पोरगा हिंदीत बढाया मारतो आणि पोरी त्याला हेल्मेट कपाळावर खाली ओढून बघतात, असं ते गाणं. हळदीच्या डीजेंनी ते उचललं. महाडपासून चिपळूणपर्यंत एक उन्हाळा ते वाजत होतं. मी शूट करत असलेल्या लग्नांतही वाजलं, आणि मी कॅमेऱ्यामागे उगाच ताठ उभा राहिलो. मुंबईहून एका गाण्याच्या कंपनीचा फोन आला. गाणं विकत घेऊ, पोरी दुसऱ्या उभ्या करू. मित्रा म्हणाली, “पोरी दुसऱ्या तर गानं पन दुसरं घ्या,” आणि फोन ठेवला. त्या दिवशी तिने आम्हा सगळ्यांना चौकात भजी खायला घातली.

पण गाण्याखाली लोक लिहू लागले. सुरुवातीला कौतुक. मग कुणीतरी त्यांची आडनावं शोधून काढली, आणि मग जे लिहायला लागले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिघींच्या अंगाबद्दल, दोघींच्या जातीबद्दल, आणि तिसरीबद्दल की ही चांगल्या घरातली असून ‘त्यांच्यात’ कशी. मित्रा जेवणाच्या सुट्टीत रोज ते पुसत बसायची. “चिखल काढते,” म्हणायची. एका हातात भाकरी, दुसऱ्या हाताचा अंगठा चाललेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. मग कुणीतरी त्या व्हिडिओतलं करुणाचं वळणं तेवढं कापलं, जेमतेम अकरा सेकंदांचं, त्यावर घाणेरडं गाणं चिकटवलं, घाणेरडी अक्षरं टाकली आणि सोडून दिलं. ते ग्रुपाग्रुपांतून फिरलं. अश्विनीच्या भावाच्या मोबाईलवर आलं. त्यात अश्विनीचा फक्त खांदा दिसत होता.

अश्विनीचे वडील माझ्या दुकानात आले. भला माणूस. आवाज चढवला नाही. “तुम्हीही मुलीचे बाप आहात,” एवढंच म्हणाले. मग, “तिला त्यातून काढा. बाकीच्यांचं काय ते त्यांनी बघावं.” अश्विनी पायरीवर उभी होती. आत आली नाही.

मित्राला मी निरोप दिला. ती सुट्टी टाकून आली, शांतपणे बसली. अश्विनी नेहमी उजव्या टोकाला, म्हणून सगळ्या व्हिडिओंची उजवी कड कापता आली. चार गाणी, चार दिवस लागले. तरी मध्येच कुठेतरी एक हात आत यायचा, ओढणीचं टोक यायचं. मी तेही झाकायला लागलो तर मित्रा म्हणाली, “हात राहू दे दादा. हातावरनं कोन वळखतंय?” कापलेली गाणी नव्याने चढवली. जुन्यांना जेवढे बघणारे मिळाले होते ते सगळे गेले. म्हाताऱ्यांच्या टाळ्या अर्ध्या झाल्या, कारण त्यातल्या तिघी उजवीकडे उभ्या होत्या.

पाचवं गाणं दोघींनीच केलं. मला ते नको वाटत होतं, पण मित्राने हट्ट धरला. कापड्याच्या ओढ्यावरच्या साकवावर, दुपारच्या उन्हात. करुणाला सवय झालेली. वळून झालं की तिचा एक हात आपोआप बाजूला जायचा, अश्विनीचा हात धरायला. तिथे कुणी नसायचं. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा करुणा रडायला लागली, “मला नाय जमत गो.” मित्राने तिचं तोंड पुसलं, आणि मला म्हणाली, आहे तेच ठेवा. त्या व्हिडिओत करुणाचा हात हवेत जातो आणि परत येतो. फार थोड्या लोकांनी पाहिला तो.

त्या पावसाळ्यानंतर करुणाचं लग्न ठरलं. मुलगा वसईकडे गोदामात सुपरवायझर, घर स्वतःचं, माणसं शिकलेली. मुलाच्या मोठ्या बहिणीने मोबाईलवर ‘हेल्मेटवाली’ पाहिलं होतं, आणि ते दुसरंही. त्यांनी निरोप पाठवला की मुलगी पसंत आहे, पण हे सगळं आधी नाहीसं झालं पाहिजे. सगळं म्हणजे सगळं.

सुमनकाकी मित्राच्या दारात जाऊन बसली. ही हकीकत मला मित्रानेच नंतर सांगितली. काकी म्हणाली, “तुझं काय, तू लग्न करशील नायतर नाय करशील. माझ्या पोरीचं जमलेलं मोडू नको.” मित्रा नाही म्हणाली. वाडीतल्या चार शहाण्या माणसांनी समजावलं, तरी नाही म्हणाली. तीन आठवडे ती काकीच्या दारावरून मान खाली घालून बस धरायला जात होती. तिचं म्हणणं साधं होतं. घाण ज्यांनी केली त्यांना कुणी पुसा म्हणत नाही, आणि आम्ही चांगलं केलं ते आम्ही पुसायचं.

मग एका शनिवारी दुपारी दोघी बहिणी स्टुडिओत आल्या. करुणाच बोलली. तिला एवढं बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

“ताई, मला संसार करायचाय. मला तिकडं रोज कुनी बोललेलं नाय चालनार. तू सहन करतेस, मला नाय येत.”

“आनि नाच?”

“नाच काय, झाला की नाचून.”

मित्रा माझ्याकडे वळली. “दादा, हिला कापता येईल?”

मी सांगितलं, येणार नाही. करुणा प्रत्येक चौकटीत मध्ये आहे. तिला काढलं तर डावीकडे तू अर्धी उरतेस आणि बाकी रस्ता.

“मग पुसा.”

“मूळ शूटिंग राहू दे माझ्याकडे. कुणाला कळणार नाही.”

“नाय. शब्द दिला तर पुरता द्यायचा. तुमच्याकडचं पन, माझ्या मोबाईलातलं पन. कॉपी ठेवू नका दादा. माझी शपथ हाय.”

करुणा बटण दाबायला पुढे झाली. मित्राने तिचा हात धरला. “तू नको. तुझ्या हातून नको,” म्हणाली, आणि एकेक करून पाचही तिनेच दाबले. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर विचारायचा, नक्की का? ती मोठ्याने ‘हो’ म्हणायची, जणू ते माणूस आहे. मग मी मूळ फायली पुसल्या. तिचं तोंड भिंतीकडे होतं. करुणा तिच्या पाठीला डोकं टेकवून उभी होती.

मी एक प्रत लपवून ठेवू शकलो असतो. एवढी वर्षं मी लोकांची लग्नं सांभाळून ठेवतो, मोडलेल्या लग्नांचीही. हे ठेवलं नाही. तेव्हा मला ते प्रामाणिकपणाचं वाटलं. आता त्याला काय म्हणावं ते मला कळत नाही.

लग्नाचं शूटिंग त्यांच्याकडच्या माणसाने केलं. मी पाहुणा म्हणून गेलो होतो. डीजेवर गाणी लागली तेव्हा मित्रा पंगतीत वाढत होती. कुणीतरी तिला ओढलं तर हातातलं भांडं दाखवून तिने मान हलवली. करुणा स्टेजवर बसली होती, नव्या साडीत, पाय दोन्ही जवळ घेऊन, अगदी न हलता.

सव्वा वर्षाने करुणा गेली. पहिलं बाळंतपण, सातवा महिना. अंगावर सूज होती, डोकं दुखत होतं, घरच्यांना वाटलं होईल कमी. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. मूलही राहिलं नाही. मित्रा आणि काका तिकडे पोचले तोवर सगळं उरकत आलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम कापड्याला झाला. त्यानंतर आठेक दिवसांनी मित्रा सुमनकाकीला घेऊन स्टुडिओत आली. सकाळची वेळ होती. काकी खुर्चीवर बसली नाही, खालीच बसली. तिच्या पिशवीत करुणाचा लग्नातला मोठा फोटो होता, चौकटीसकट. तो तिने माझ्यासमोर ठेवला.

“ह्यात ती माझी वाटत नाय,” काकी म्हणाली. “ही नुसती बसलीय. मला हलती दाखव. तुझ्या त्या मशिनीत कुठं कोपऱ्यात असंल तर बघ बाबा. ते भातातलं. मी तिच्या केसाला हात लावला व्हता, ते.”

मी कॉम्प्युटर लावला. काही नाही हे मला माहीत होतं, मित्राला माहीत होतं, तरी मी शोधत राहिलो. जुन्या डिस्क काढल्या, लोकांची लग्नं उघडली आणि बंद केली. काकी पडद्याकडे बघत होती. प्रत्येक नव्या नवरीला बघून पुढे सरकायची आणि मागे व्हायची. शेवटी मी म्हटलं, “काकी, नाही हो उरलं.”

तेव्हा मित्रा म्हणाली, “एक हाय.”

तिने मोबाईल काढून माझ्या हातात दिला, काकीकडे पाठ करून. ते अकरा सेकंदांचं होतं. ते अजून कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये फिरत होतं. ते कधी मेलंच नव्हतं. मित्राने चार दिवस ओळखीच्या-अनोळखी पोरांकडे मागून ते मिळवलं होतं. कसल्या तोंडाने मागितलं असेल आणि त्यांनी काय काय विचारलं असेल, मी विचारलं नाही.

काकीला मी बाहेर पायरीवर चहा दिला. आत आम्ही दोघांनी ते धुवायला घेतलं. खालची अक्षरं कापली. वर कुणी चिकटवलेली चित्रं होती ती झाकली. कापता कापता करुणाचे पाय गेले, हेल्मेटचा वरचा भाग गेला. मान, खांदे, वळताना उडालेली वेणी आणि ते वाकडी मान करून हसणं एवढं राहिलं. तिच्यामागे मित्राची कोपरापासूनची बाही दिसत होती. आवाज पूर्ण काढून टाकला. आमच्याकडे करुणा एवढीच उरली होती.

काकीला आत बोलावून दाखवलं. तिने पडद्यावर तळहात ठेवला. म्हणाली, “परत.” मी पुन्हा लावलं. परत. परत. किती वेळा, ते मी मोजलं नाही. मग तिने विचारलं, “हिला आवाज नाय का रे?”

मित्रा म्हणाली, “मी म्हनते, थांब.” आणि पडद्याशेजारी उभी राहून तिने ‘हेल्मेटवाली’ची ओळ धरली. तिला ती जेमतेम अर्धी म्हणता आली. पॅकिंगच्या पावडरीने गेलं वर्षभर तिचा घसा बसला होता, हे मला ऐकून माहीत होतं, पण कानाने त्या दिवशी कळलं. आवाज फाटला, मग खोकला आला. ती टेबलाला धरून खोकत राहिली. तिच्या शेजारी पडद्यावर करुणा वळत होती, थांबत होती, पुन्हा वळत होती. मी बंद करायचं विसरलो.

“ऱ्हाऊ दे,” काकी म्हणाली. पदराने डोळे पुसले. मग मित्राकडे वर बघितलं. रागाने नाही. खरंच न कळून विचारावं तसं विचारलं.

“मी अडानी, मी म्हटलं पूस. पन तू का पुसलंस गो? तुला तर कळत व्हतं.”

मित्राने काकीला हात देऊन उठवलं. मी तिथेच होतो. निदान एवढं तरी म्हणायला हवं होतं की करुणाने स्वतः सांगितलं होतं. ते आठवलं तेव्हा त्या दोघी बसस्टँडच्या दिशेने निघून गेल्या होत्या. काकी पुढे, फोटो छातीशी धरून, आणि मित्रा दहा पावलं मागे.

त्यानंतर ती फारशी दिसली नाही. कंपनीतलं कंत्राट संपलं असं ऐकलं. मध्ये सवहून येताना एकदा ती रस्त्याच्या कडेने चालत होती. मी गाडी हळू केली. तिने हाताने ‘जा, जा’ अशी खूण केली. बस ड्रायव्हर सांगत होता की ती आता कुणाशी बोलत नाही. वाडीत जयंतीला पोरींचा नाच बसवायला बोलावलं तर म्हणाली, मला येत नाही.

गेल्या महिन्यात ती स्टुडिओत आली. दुसऱ्या कंपनीत लागायचं होतं, तिथल्या फॉर्मला फोटो हवे होते. वेणी कापून केस मानेपर्यंत आले होते. मशीनमध्ये अडकतात म्हणून ठेवू देत नाहीत, म्हणाली. मी स्टुल पुढे सरकवलं, मागे पांढरा पडदा सोडला. ती मधोमध बसली. बोलायचं म्हणून मी विचारलं, “काही नवीन लिहिलंस का?”

“हनुवटी वर करू का खाली?” तिने विचारलं.

मी म्हटलं, आहे तशी ठीक आहे. फ्लॅश उडाला. तिने डोळे मिटले नाहीत. प्रिंट निघेपर्यंत ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. आठ फोटो कापून मी पाकिटात घालून दिले. तिने ते उघडून पाहिले नाहीत. पर्समध्ये टाकले, तोंडाला स्कार्फ गुंडाळला, डोळे तेवढे मोकळे ठेवले. रस्त्यावर दुसऱ्या पाळीच्या बसची वाट बघत तसेच स्कार्फ बांधलेल्या दहा-बारा बायका उभ्या होत्या. ती त्यांच्यात जाऊन उभी राहिली. बस आली. त्यातली कोणती ती, मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही. बस निघून गेली तेव्हा रस्त्यावर कुणीच उरलं नव्हतं.